गरुडाच्या पंजातली चवरी

आमच्या बेटाच्या झेंड्यावरचा गरुड दिसला की माझा भाऊ पेनिआमिना चिडायचा. "मेल्याने माझी चवरी पळवलीय! याला कुठे भाषण ठोकायचंय?" एकोणीसशे साठ साली हा झेंडा पहिल्यांदा चढला, तेव्हा तो पोरगा होता. त्याआधी साठ वर्षं नुसता अमेरिकेचाच फडकायचा. या नव्यावर गरुड त्यांचा, पण त्याच्या पंजात आमच्या सरदारांचा लढाईचा सोटा आणि वक्त्याची काथ्याची चवरी. ताकद आणि शहाणपण म्हणे! असला गरुड सामोआत बघितलाय कुणी?

पेनिआमिना गावाचा वक्ता. चवरी खांद्यावर टाकून उभा राहिला की रडकी पोरंसुद्धा गप्प. पण इराकची लढाई पेटली, अमेरिकेच्या फौजेतली आमची पोरं मरायला लागली आणि त्याच्या वाट्याला शवपेट्यांपुढची भाषणंच आली. त्याचा मुलगा इओसुआसुद्धा झेंड्याखाली झाकून परत आला.

आता इओसुआची लेक लुपे फौजेत निघाली. वक्त्याने निरोप दिल्याशिवाय आमच्या घरातून कुणी परदेशी जात नाही. म्हातारा अडून बसला. "मी बोलणारच नाही. बघू कशी जाते!"

"पोरीला असं अडवतात होय? ऊठ!" मी दरडावलं. आमच्यात बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही. उठला बिचारा.

अंगणात सगळं गाव जमलेलं. त्याने काठी रोवली, चवरी झटकली. सुरुवात छान केली. मग लुपेकडे नजर गेली, आवाज चिरकला आणि तोंडातून सरावाचेच शब्द निघाले, मेलेल्याला निरोप द्यायचे. अगदी शेवटपर्यंत. वक्त्याला मध्येच तोडायचं नसतं.

भान आलं तसा तो मटकन खाली बसला. घराण्याची बारीक विणीची चटई डोक्यावरून ओढून लुपेपुढे वाकून राहिला. आमच्यात गुन्हेगार अशीच क्षमा मागतो. चटई उचलायची की नाही, ते जिचा अपराध झाला तिने ठरवायचं.

लुपेने उचलली. म्हाताऱ्याने तिचा हात घट्ट धरला. "नको गं जाऊस."

"आजोबा, हे भाषण माणसाचं एकदाच करतात ना?"

"एकदाच."

"मग माझं झालं. तुम्हाला पुन्हा करावं लागणार नाही."

तिने हळूच हात सोडवून घेतला आणि पिशवी उचलली.

गाडी वळणाआड गेल्यावर तो मला म्हणाला, "तूही ऐकलंस ना? एकदाच असतं."

"हो रे बाबा," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?