सोललेलं विमान

साहेबांच्या केबिनबाहेर तो मांडीवर विमानाची छोटी प्रतिकृती घेऊन बसला आहे, दवाखान्यात तापाने फणफणलेलं पोर घेऊन बसावं तसा. आमची विमानं बनवणाऱ्या कंपनीचा हा प्रतिनिधी. आत दुसऱ्याच कंपनीची माणसं बसली आहेत. पुढची विमानं त्यांच्याकडून घ्यावीत का, याची बोलणी चालली आहेत. मधूनच आतून हसण्याचा आवाज येतो आणि हा खुर्चीत सावरून बसतो.

मला बरं वाटतंय. खोटं कशाला बोलू?

आमच्या एका विमानाच्या इंजिनाच्या भागासाठी मी याला किती फोन केले! "तुमचा नंबर लागला की कळवतो, मॅडम," एवढंच उत्तर, तेही गोड आवाजात. तोवर ते विमान हँगरसमोर उभंच राहिलं. मग बाकीची उडती ठेवायला आम्ही त्याचेच भाग काढत गेलो. आज चाकं, उद्या काचा, मग खुर्च्या. जे विमान मी इतकं जपलं, ते मीच सोलून काढलं. आता त्याच्या इंजिनाच्या पोकळीत साळुंक्या राहतात.

सूड म्हणजे काहीतरी धगधगतं असेल असं वाटायचं. तो इतका गार आणि नीटनेटका असतो, हे आज कळलं.

"अजून किती वेळ लागेल, मॅडम?" आत्ता त्याने विचारलं.

"तुमचा नंबर लागला की कळवते," मी म्हटलं, तितक्याच गोड आवाजात.

चहा पाठवला आहे. त्याची खुर्ची मात्र सकाळीच मी खिडकीकडे फिरवून ठेवली होती. तिथून ते विमान दिसतं, आणि दुसरं काहीच दिसत नाही.