न लिहिलेला शब्द

येरमाळ्याला देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी, माझ्या फुलांच्या गाड्याशेजारी एका मामांचं नारळाचं दुकान आहे. कुणी ‘नारळ फोडून द्या’ म्हणालं की मामा डाफरतात, "फोडायचा न्हाय, वाढवायचा म्हनावं!" एरवी त्यांचं डोकं मोबाइलवरच्या खेळात लपलेला इंग्रजी शब्द ओळखण्यात. मुरुमच्या जावयाशी रोज पैज असते. हरले की मामांना जेवण जात नाही.

त्या दिवशी तिकडे भंडाऱ्याला, बहिणीच्या गावी, माझ्या आईचं ऑपरेशन होतं. मी फोनकडे बघत बसलो होतो.

"डी अन् एच असलेला पाच अक्षरांचा शब्द सांग की. शेवटची संधी हाय," मामा म्हणाले.

मी सातवीतच शाळा सोडलेली. पण बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यावरचा शब्द ओळखीचा होता.

"डेथ," मी म्हणालो.

मामांनी अक्षरं मोजली. बरोबर बसत होती. त्यांचं बोट काचेवर थांबलं आणि त्यांनी मोबाइल पालथा घातला.

"मामा, हरताल की!"

"हरू दे. तुझी माय आत टेबलावर हाय, लेकरा. आज ह्या हातानं त्यो शब्द लिहायचा न्हाय."

मी काय बोलून बसलो होतो!

दुपारी आई शुद्धीवर आल्याचा फोन आला. तेव्हा हरलेल्या मामांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली.