शेवटच्या वळणावरची धडक

स्टॉक कारच्या शर्यतीत समोरच्या गाडीला धडक मारायची परवानगी असते. परवानगी कसली, ती मारायचीच असते. मंडळाच्या गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, लग्नाच्या पंगतीत मी हे इतक्या मराठी माणसांना समजावलं आहे की आता तोंड दुखतं. ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "आणि पोटापाण्याचं काय करता?" हेच करतो म्हटलं की त्याची बायको माझ्या बायकोकडे सहानुभूतीने बघते.

आम्ही इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे. वडील इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि मी शाळकरी वयात आईबरोबर नागपूरहून आलो. मी डॉक्टर व्हावं अशी घरच्यांची फार इच्छा होती, पण मला गाड्यांच्या खाली झोपायला आवडायचं. शाळेतल्या एका मित्राचे वडील मला शनिवारी शर्यतीला घेऊन गेले आणि माझं शिक्षण तिथेच संपलं म्हणा ना. आई शेवटपर्यंत लोकांना सांगायची की तो ऑटोमोबाईल लाइनमध्ये आहे. ते खोटंही नव्हतं. नुसत्या शर्यतींवर इथे कुणाचं पोट भरत नाही. आठवडाभर गॅरेजमध्ये दुसऱ्या ड्रायव्हरांच्या गाड्या बांधायच्या आणि शनिवार-रविवार स्वतःची पळवायची, यावर माझा संसार चालला.

टीव्हीवर दिसतात तशा चकचकीत गाड्या डोळ्यासमोर आणू नका. आमच्या गाड्यांना पुढेमागे लोखंडी गजांचे बंपर असतात आणि त्या एका लहानशा गोल ट्रॅकवर एकमेकींना ढकलत धावतात. गाडीच्या छताचा रंग ड्रायव्हरची पत सांगतो. नवखा असेल तर पांढरं छत, मग पिवळं, मग निळं आणि सगळ्यात वर लाल. पांढरे पुढून सुटतात आणि लाल सगळ्यांच्या मागून, म्हणजे चांगल्या ड्रायव्हरने गर्दीतून वाट काढत पुढे यायचं. पॉइंट्स घसरले की रंगही उतरतो, आणि तो आपल्याच हाताने रंगवावा लागतो. माझं छत बरीच वर्षं लाल होतं. तेवढा एक माज मला होता आणि तो मी पुरेपूर केला.

पण आमच्या खेळाचा जीव आहे तो शेवटच्या वळणात. शेवटचा लॅप, शेवटचं वळण, आणि तुम्ही दुसरे असाल तर पहिल्याला धडक मारायची. जोरात मारायची. कधी तो बाजूला फेकला जातो आणि तुम्ही जिंकता, कधी दोघंही कुंपणात जाता आणि तिसराच जिंकल्याचा झेंडा घेऊन जातो. त्याचा राग कुणी धरत नाही. ज्याला मी कुंपणात घातलं तोच माणूस नंतर माझ्याशेजारी उभा राहून चिप्स खातो. राग येतो तो धडक न मारणाऱ्याचा. मारता येत असताना जो मारत नाही, तो समोरच्याला ड्रायव्हर समजत नाही, असा त्याचा अर्थ होतो. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण लहान मुलांनाही ठाऊक असतं.

माझ्या मुलीला तर ते चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. अकराव्या वर्षी ती मुलांच्या शर्यतीत उतरली तेव्हा बायकोने माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. पुढे पोरगी इंजिनिअर झाली, नोकरीला लागली, तरी शनिवार आला की ओव्हरऑल चढवून तयार. मोठ्यांच्या गटात आल्यावर एकदा तिने मला वळणावर अशी काही हाणली की माझी गाडी फिरून उलटी उभी राहिली. शर्यत संपल्यावर ती धावत आली, माझ्या खांद्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. लहानपणी कुणाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे आजीने शिकवलेलं, ते तिने गाडीलाही लावलं. बघणारे गोरे मेकॅनिक हसून बेजार झाले. मग तेही एकमेकांना ठोकून आले की खांद्याला हात लावून कपाळाला लावायला लागले. ट्रॅकवर अजूनही काही जण करतात. ते आपल्याकडून आलंय हे नव्या लोकांना माहीतही नसेल.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. आधी मी थंडीला दोष दिला, मग ग्लव्ह्जना. गॅरेजमध्ये हातातून पाना निसटायला लागला तेव्हा बायको मला ओढून तपासणीला घेऊन गेली. कन्सल्टंट बाई सौम्य बोलणाऱ्या होत्या. इतकी वर्षं मागून धडका खाऊन मानेचे मणके झिजले आहेत, त्यांनी नस दाबली आहे, आता रेसिंग थांबवलेलं बरं, असं त्यांनी सांगितलं. पुढची एखादी वाईट धडक दोन्ही हात घेऊन जाऊ शकते, हेही सांगितलं. घरी येताना गाडी बायकोने चालवली. मी मात्र मनात हिशेब करत होतो की ऑक्टोबरपर्यंतचा सीझन कसा मागून घ्यायचा.

मागून घेतला. भांडून घेतला म्हणणं जास्त खरं. मला लाल छत परत नको होतं, ते केव्हाच उतरलं होतं. आधी निळं झालं आणि त्या वर्षी पिवळं. मला फक्त एक शर्यत जिंकायची होती, पूर्वीसारखी, मागच्याने मारलेलं सोसून. ड्रायव्हर म्हणून यायचं आणि ड्रायव्हर म्हणूनच जायचं, आजारी माणूस म्हणून नाही. जेवायच्या टेबलावर मी मुलीला बजावलं की ट्रॅकवर मला वेगळं वागवायचं नाही. तिने ताटातून वर न बघता ओके म्हटलं. बायको भात वाढत होती. ती एवढंच म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवलंत. पोरीला कशाला शपथा घालता?"

सीझनभर मी रडतखडत गाडी चालवली. नवी पोरं बाहेरून निघून जायची आणि मी बघत राहायचो. धडक बसली की दंडापासून करंगळीपर्यंत वीज जायची आणि पुढचं वळण मी निम्म्या हातानेच घ्यायचो. शेवटच्या शर्यतीचा दिवस आला तोपर्यंत एकही झेंडा मिळाला नव्हता. ती माझी शेवटची शर्यत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बायको नेहमीप्रमाणे थर्मास घेऊन स्टँडमध्ये बसली. लाउडस्पीकरवाल्याने माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलून घेतले आणि मला उगाच माझ्या शोकसभेला आल्यासारखं वाटलं.

पिवळं छत असल्यामुळे मी पुढून सुटलो. गाडी त्या दिवशी झकास होती, आणि माझ्यापुढचे दोघे पांढरे एकमेकांत अडकून कुंपणात गेले. मी पहिला झालो. अर्धी शर्यत झाली तरी मी पहिलाच होतो. आमच्या गाड्यांना आरसे नसतात, मागचं कानाने ओळखायचं. शेवटचे काही लॅप राहिले आणि मागून एक इंजिन जवळ यायला लागलं. ते इंजिन मीच बांधलं होतं. मुलगी सगळ्यांच्या मागून, लाल छताखाली, वाट काढत माझ्यापर्यंत आली होती.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. तीच हवी होती मागे. शेवटच्या लॅपला ती माझ्या बंपरला जवळजवळ चिकटली. शेवटचं वळण आलं, मी डोकं सीटला टेकवलं, दात आवळले, स्टीअरिंग उजव्या हाताने घट्ट धरलं आणि धडकेची वाट बघितली. मागच्या इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. तिने ॲक्सिलरेटर सोडला होता. मी एकटाच सरळ रस्त्यावर आलो आणि झेंडा मला मिळाला.

स्टँडमध्ये टाळ्या वाजल्या, पण ज्यांना खेळ कळतो ते वाजवत नव्हते. ते खाली बघत होते. जिंकणाऱ्याला झेंडा हातात घेऊन एक फेरी मारावी लागते, ती मी मारली. हात बाहेर काढून सगळ्यांना दाखवावा लागतो, तोही दाखवला. त्या फेरीत मी रडलो, आणि लोकांना ते आनंदाचे अश्रू वाटले. इतकी वर्षं या लोकांमध्ये मी ड्रायव्हर होतो. त्या एका वळणावर मी कुणाचा तरी म्हातारा बाप झालो.

तिला मी काय बोलणार? ती गाडीशेजारी हेल्मेट घालूनच उभी होती, काच खाली ओढलेली. मी जवळ गेलो तर सॉरी म्हणाली आणि ट्रेलर लावायला निघून गेली. घरी जाताना आम्ही तिघंही रेडिओ ऐकत होतो. बायकोने मागच्या सीटवरून हात पुढे करून माझ्या मानेवर ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही. ती काळजीतून सुटली होती, आणि तिच्या सुटण्याचाही मला राग आला नाही.

त्यानंतर मी गाडी चालवली नाही. पण मुलीचा नवा सीझन होता आणि मी तिचा मेकॅनिक झालो. मार्चमधल्या पहिल्याच शर्यतीत ती शेवटच्या वळणावर दुसरी होती. समोर एक दणकट, आडमाप ड्रायव्हर, धडका द्यायला आणि खायला प्रसिद्ध असलेला. तिने ॲक्सिलरेटर सोडला. पुढच्या महिन्यातही तेच झालं. मग लोकांच्या लक्षात आलं. त्या ट्रॅकवर गोष्टी लपत नाहीत. तिच्यापुढे असलेले ड्रायव्हर शेवटच्या वळणावर निवांत गाडी चालवायला लागले, आणि ती काचेआड मूग गिळून त्यांच्यामागे यायची.

एका रविवारी गॅरेजमध्ये मी तिच्या गाडीचा पुढचा बंपर सरळ करायला घेतला आणि पाहिलं तर सरळ करण्यासारखं काही नव्हतंच. त्यावर साधा ओरखडा नव्हता. मी तिला समजावत बसलो. म्हटलं, ती माणसं तरुण आहेत, पट्ट्यांनी बांधलेली असतात, त्यांना काही होत नाही. म्हटलं, तुला हे माझ्याहून चांगलं माहीत आहे. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

"आय नो, बाबा," ती म्हणाली. "पण मागून फक्त हेल्मेटच दिसतो ना. लास्ट कॉर्नरला समोर कोणी पण असू दे, मला वाटतं तूच आहेस."

मी पाना खाली ठेवला आणि तिच्याजवळ बसलो. पुढच्या शनिवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही, आणि मी तिला बोलावलं नाही. माझ्यापेक्षा फार चांगली ड्रायव्हर होती ती.