वाईनच्या ग्लासात डाळिंबाचा ज्यूस

तर हो, लंडनचं सगळं फायनल झालं होतं. कंपनी दोन वर्षांसाठी पाठवणार होती आणि सहा महिने मागे लागल्यावर अब्बू कसेबसे तयार झाले होते. आज दुपारी सगळ्याची माती झाली.

हडपसरला टीमने मला सेंड-ऑफ लंच दिला. सगळ्यांच्या हातात वाईन, माझ्या हातात डाळिंबाचा ज्यूस. मॅनेजर मॅडम हसत म्हणाल्या, "अगं, बारशाला आल्यासारखी स्ट्रॉ धरून काय उभी? तिकडे असं चालणार नाही हं!"

सगळे हसले. मला इतकं ऑकवर्ड झालं की मी वेटरकडून वाईनचा ग्लास मागून घेतला आणि ज्यूस त्यात ओतला. चीअर्स केलं. फोटो भारी आला म्हणून मीच स्टेटसला टाकला. आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, त्यामुळे घरी काय वाटेल हे डोक्यातच आलं नाही.

घरी पोचले तर अम्मी रडत होती. मी म्हटलं, "अब्बू, अल्लाहची शपथ, ज्यूस होता."

ते चिडलेच नाहीत. "विश्वास आहे, बेटा. पण मग ग्लास का बदललास? पीत नाही हे दिसायची तुला इथे पुण्यातच लाज वाटली. तिकडे तर तू एकटी असशील. नको जाऊस."

ओरडले असते तर भांडले असते. पण लाज खरंच वाटली होती हो.

उद्या मॅडमना नाही म्हणून कळवायचंय. खरं सांगा, त्या एका ग्लासावरून मी तिकडे टिकणार नाही असं तुम्हालाही वाटतं का?