चुकीचा समुद्र

माझ्या नवऱ्याने आणि त्याच्या प्रयोगशाळेतल्या एका जर्मन मुलीने दोन महिने खपून इटलीच्या समुद्रकाठचा बेत आखला, आणि मी चुकीच्या समुद्रावर जाऊन पोहोचले.

इटलीला दोन बाजूंना दोन वेगवेगळे समुद्र आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं असेल. पण त्या वेळी मी ऐकत नव्हते, बघत होते. काय बघत होते ते पुढे येईलच.)

साठ-बासष्ट सालच्या सुमाराची गोष्ट. आम्ही कोलोनला राहत होतो. हे तिथल्या एका संस्थेत डॉक्टरेट करत होते आणि मी दोन खोल्यांत संसार करत होते. त्या वर्षी सासूबाई पुण्याहून आमच्याकडे यायला निघाल्या. ओळखीच्या एका कुटुंबाच्या सोबतीने मुंबईहून बोटीने इटलीतल्या जेनोआ बंदरापर्यंत येणार होत्या. तिथून आम्ही त्यांना आणायचं होतं.

"एवढं जेनोआपर्यंत जायचंच आहे," हे म्हणाले, "तर आईला घेऊन पंधरा दिवस समुद्रकाठी राहू. रेनाटे म्हणत होती, तिकडे फार सुंदर खेडी आहेत. एकातून दुसऱ्यात आगगाडीने जायचं!"

रेनाटे! हे नाव आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा उच्चारलं गेलं. ती यांच्या प्रयोगशाळेत सहायक होती. तिच्या मावशीचं लेवांतो नावाच्या गावात लहानसं लॉज होतं, त्यामुळे तिला इटालियन येत होतं आणि तो सगळा किनारा पाठ होता. सुट्टीत तीही मावशीकडेच निघाली होती. "बेत आखायला मी येते," म्हणाली. दर मंगळवारी संध्याकाळी येऊ लागली.

मी मनात चष्मेवाली, सुती मोज्यांतली एक पोक्त बाई रंगवली होती. दार उघडलं तर समोर साडेपाच फुटांचं सोनेरी काहीतरी उभं! वर हसून म्हणते, "गुटन आबेंड, फ्राउ जोशी!"

तेव्हा माझं जर्मन जेमतेम होतं. पण एक शब्द मला फार आवडायचा, 'गेनाऊ'. म्हणजे 'अगदी बरोबर'. समोरच्याचं काही कळो न कळो, 'गेनाऊ' म्हटलं की तो खूष होतो. त्या एका शब्दावर मी खाटकापासून घरमालकिणीपर्यंत सगळे निभावले होते. रेनाटेलाही मी म्हटलं, "गेनाऊ!" आणि आत घेतलं.

मग ती दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसत. ज्या माणसाला स्वतःचे मोजे कधी सापडले नाहीत, तो बोटाने बोगदे मोजू लागला! "मोन्तेरोस्सो... व्हेर्नात्सा..." अशी गावांची नावं हे इतक्या हळुवारपणे घेत की माझं नाव त्या आवाजात मी साखरपुड्यानंतर ऐकलं नव्हतं. एका मंगळवारी माझ्या लक्षात आलं, हे संध्याकाळी दुसऱ्यांदा दाढी करताहेत.

"अहो, सकाळी केली होतीत ना?"

"वाढते गं फार हल्ली."

फक्त मंगळवारी वाढायची!

आणि विनोद! यांचे तीन विनोद आहेत. तिन्ही मी लग्नापासून ऐकत आले आहे, तिन्हींना शेवट नाही. रेनाटे त्या तिन्हींना हसायची. मान मागे टाकून हसायची! मी भाजी फोडणीला टाकता टाकता तिच्या मानेकडे बघत असे. त्यामुळे टेबलावर गाड्या, डबे, समुद्र वगैरे काय बोलणं झालं, ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

मी उपाय केले. एकदा दोघांच्या मधे खुर्ची घालून बसले. तर नकाशा माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे जाऊ लागला. एकदा तिला मुद्दाम मिरचीची झणझणीत भजी वाढली. म्हटलं, पळेल. ती रडत रडत पाच भजी खाऊन म्हणाली, "आणखी आहेत?" आणि डोळे पुसायला यांनी तिला स्वतःचा रुमाल दिला. तो रुमाल मी भरतकाम करून वाढदिवसाला दिलेला होता!

निघायचा दिवस आला. गाडीत जागा अशा : खिडकीशी हे, समोर रेनाटे, आणि मी दाराशी, एका उकडलेली अंडी सोलणाऱ्या जाड्या गृहस्थाच्या काखेत. रात्र कशी गेली त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. उजाडल्यावर आल्प्स आले. रेनाटे एकेक शिखर आणि तळं दाखवत होती आणि हे "वुंडरबार! वुंडरबार!" करत होते. मी दहा मिनिटं आधी "अहो, ते बघा" म्हणून तेच तळं दाखवलं होतं, तेव्हा यांनी जांभई दिली होती.

मिलानला गाडी बराच वेळ थांबणार होती. हे कॉफी आणायला खाली उतरले. रात्रभर जागलेली रेनाटे खिडकीला डोकं टेकून पेंगत होती. मी जरा बाहेरच्या बोळात जाऊन पलीकडचा डबा बघितला. जवळजवळ रिकामा! आणि मला युक्ती सुचली. जेनोआपर्यंत बायकाबायका इकडे बसू. बसू दे यांना त्या अंडीवाल्याला विनोद सांगत!

मी रेनाटेला दंडाला धरून उठवलं. ती झोपेतच माझ्यामागून चालत आली. नव्या जागेवर बसताना तिने अर्धवट डोळे उघडून विचारलं, "गेनुआ?"

आता, जेनोआला जर्मन लोक गेनुआ म्हणतात. ती बिचारी विचारत होती, हा डबा जेनोआलाच जातो ना? मला वाटलं, ती माझाच शब्द म्हणतेय.

"गेनाऊ!" मी ठणकावून सांगितलं.

ती विश्वासाने झोपली.

हे कॉफी घेऊन परतले तेव्हा त्या अंडीवाल्याने म्हणे "बायका तिकडे गेल्या" असं हाताने दाखवलं. यांनी सभ्यपणे त्याचा अर्थ संडास असा घेतला आणि आमच्या वाटणीची कॉफीही पिऊन टाकली.

त्या गाडीचे मिलानला दोन तुकडे होत असत, हे मला नंतर कळलं. अर्धे डबे जेनोआकडे, अर्धे पार उलट्या बाजूच्या किनाऱ्याकडे. प्रत्येक डब्यावर तशी पाटी होती. पण एकाच गाडीचे डबे वेगवेगळ्या गावाला जातात, ही गोष्ट सरळ माणसाच्या मनात येईल का?

गाडी सुटली. रेनाटे तोंड उघडं टाकून घोरत होती. (घोरते! मला केवढं बरं वाटलं! हे आत्ता इथे हवे होते!) एक तिकीट तपासनीस आला. तिकिटं यांच्याकडे. पण बंदरावर सासूबाईंना नमस्कार करायचा म्हणून मी जरीकाठी नऊवारी नेसले होते, नाकात नथ होती. त्याला मी कुठल्यातरी संस्थानची राणी वाटले असावे. त्याने टोपी काढली आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

तीन-चार तास गेले. मनात म्हटलं, जेनोआ आलं की हिला अगदी शेवटी उठवायचं. आधी मी उतरणार, यांच्या शेजारी जाऊन उभी राहणार.

आणि मग समुद्र दिसला! निळाशार! मला राहवेना. मी तिला गदागदा हलवलं. "रेनाटे! समुद्र!"

तिने डोळे चोळले. बाहेर पाहिलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग अतिशय शांतपणे म्हणाली, "फ्राउ जोशी, हा समुद्र आपला नाही."

"म्हणजे?"

"आपला समुद्र इटलीच्या पलीकडच्या बाजूला आहे."

रिमिनीला आम्ही उतरलो. सामान नाही, तिकीट नाही, नवरा नाही! आणि तिकडे बोट दुपारीच लागायची होती. सासूबाई शिडीवरून उतरणार आणि सून गायब! मी फलाटावरच्या बाकावर बसून मोठ्याने रडायला लागले. रेनाटेने स्टेशनमास्तरला गाठून जेनोआला निरोप पाठवायला सांगितला. सोयीची गाडी दुसऱ्या दिवशीच होती. मास्तरच्या बहिणीकडे रात्रीपुरती खोलीही मिळाली. मग ती माझ्याजवळ येऊन बसली.

"पण आपण तो डबा का बदलला?"

खोटं बोलायला भाषा चांगली यावी लागते. मला तेवढं जर्मन येत नव्हतं. म्हटलं, "माझा नवरा. तू. विनोद. तू हसतेस."

तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "ते विनोद आहेत हे मला कळतं, कारण ते स्वतः हसतात! फ्राउ जोशी, जर्मन वाक्यात क्रियापद शेवटी येतं. तुमचे पती क्रियापद यायच्या आधीच हसायला लागतात. मला आजपर्यंत एकाही विनोदाचा शेवट कळलेला नाही. मी सभ्यपणा म्हणून हसते!"

"शेवट नाहीच आहे," मी डोळे पुसत म्हणाले.

आणि आम्ही दोघी जे हसायला लागलो, ते मास्तर पाणी घेऊन धावत आला.

संध्याकाळी मी नऊवारीचा काचा आणखी खोचून त्या परक्या समुद्रात गुडघ्यापर्यंत उतरले. रेनाटेने आइस्क्रीम आणलं आणि म्हणाली, "मालती, आता आपण एकमेकींना 'डू' म्हणू या." जर्मन लोकांत 'झी' म्हणजे अहो-जाहो, आणि 'डू' म्हणजे अरे-तुरे. तिथवर पोहोचायला माणसं वर्षं घेतात. हे तिला दोन वर्षं 'झी'च म्हणत होते!

तिकडे जेनोआला मात्र हाहाकार उडाला होता. निरोप पोहोचला, पण वाटेत त्याचं एवढंच उरलं : बायको सुखरूप आहे, रेनाटेबरोबर आहे, उद्या येईल. बोटीचा भोंगा वाजत असताना सासूबाई उतरल्या.

"वसंता, सूनबाई कुठाय?"

"आई, ती... दुसऱ्या गावाला गेली. चुकून. रेनाटेबरोबर."

"कोण रानडे?"

"रेनाटे! माझ्या प्रयोगशाळेतली..."

त्याच वेळी भोंगा पुन्हा वाजला. सासूबाईंच्या कानात 'रानडे' एवढंच राहिलं. नवरा बंदरावर, आणि सून कुणा रानड्याबरोबर रात्रभर दुसऱ्या गावी! त्या मटकन ट्रंकेवर बसल्या. लेवांतोच्या लॉजवर पोहोचेपर्यंत एकच प्रश्न विचारत राहिल्या, "कुठले रे हे रानडे? पुण्याचे की सांगलीचे?" यांनी बऱ्याचदा खुलासा केला म्हणतात, मंगळवारच्या नकाशांसकट. पण आपला मुलगा घराची अब्रू झाकतोय, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॉजच्या पायऱ्या चढले. सासूबाई व्हरांड्यात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मी वाकले.

"ते कुठायत?" त्यांनी थंड आवाजात विचारलं.

"कोण?"

"रानडे!"

एवढ्यात मागून रेनाटे आली. फुलाफुलांचा झगा, उन्हाने लाल झालेलं नाक, हातात मी वेचलेल्या शिंपल्यांची पिशवी. यांनी घाईघाईने सांगितलं, "आई, हीच ती रेनाटे."

सासूबाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं. माळ थांबली. चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. मग मान हळूहळू मुलाकडे वळली.

"म्हणजे, दर मंगळवारी तू हिच्याबरोबर नकाशे बघत बसायचास?"

"आई, गाड्यांचं वेळापत्रक..."

"दाढी का केलीयेस एवढी गुळगुळीत?"

मी पटकन आत जाऊन, दार उघडं ठेवून हात-पाय धुतले. असे क्षण आयुष्यात फार येत नाहीत. ते कान देऊन ऐकावेत.

पुढचे पंधरा दिवस फार छान गेले. आम्ही तिघी रोज सकाळी गाडीने निघायचो. एका गावात उतरायचं, पाण्यात पाय सोडून बसायचं, पुढच्या गाडीने दुसऱ्या गावात. सासूबाईंनी तिला शेवटपर्यंत 'रानडेबाई' म्हटलं आणि मोदकाच्या कळ्या पाडायला शिकवलं. हे मागून छत्र्या घेऊन येत. एकदा कुरकुरले, "दोन वर्षं मी तिला 'झी' म्हणतोय, आणि तू एका दिवसात 'डू'?"

"तुम्ही चुकीच्या डब्यात बसला होतात," मी म्हटलं.

पुढच्या वसंतात रेनाटेचं लग्न ठरलं. होणाऱ्या नवऱ्याला घेऊन ती आमच्याकडे जेवायला आली. हान्स नावाचा उंच, हसरा मुलगा. जेवण झाल्यावर त्याने टेबलावर नकाशा पसरला आणि दोघं डोक्याला डोकं लावून बसली. उन्हाळ्यात इटलीला जायचं, कुठल्या गावात किती राहायचं! रेनाटे मान मागे टाकून हसत होती.

हे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "चला! आता तरी निश्चिंत झालीस ना?"

निश्चिंत? मी त्या हान्सच्या मानेकडे टक लावून बघत होते. माझ्या मैत्रिणीला एवढं हसवण्यासारखं त्याच्यात काय होतं? आणि इटलीचा बेत आमच्याच टेबलावर ठरत होता, तरी त्या दोघांपैकी एकाला सुचलं नाही की मालतीलाही विचारावं!