शमीमची तपासणी राहून गेली

शमीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच वर्गाचं प्रात्यक्षिक घेत होते. "आपा गई..." एवढंच तिचा भाऊ बोलला. दीड महिना झाला. रडू ओसरलं, चीड मात्र जात नाही.

सोलापुरात आम्ही दोघी एकाच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. शमीमला पीसीओएस होता. अंडाशयात बीजं अर्धवट वाढून अडकायची, पाळी महिनोन्‌महिने यायची नाही. पीएचडीलाही तिनं तोच विषय घेतला. पेशी स्वतःतला मोडका भाग स्वतःच विरघळवून पुन्हा वापरते. या आजारात ते काम कुठं बिघडतं, हे ती उंदरांच्या अंडाशयात शोधत होती. "कुठं कमी पडतं, कुठं जास्त होतं. एका ओळीचं उत्तर नाही गं," म्हणायची.

लोकांना मात्र तेच हवं असायचं. नातेपुत्याच्या शाळेत मुली नि त्यांच्या आयांसमोर ती बोलली, तेव्हा एक आई उठली. "मॅडम, उपास धरला की पेशी साफ होत्यात म्हणं. मग पोरीची पाळी येईल की?"

"उंदरात दिसलेलं पोरीला लावू नका. तिला डॉक्टरकडे न्या."

परतताना शमीम एकदम उसळली, "मला कुणी नेलं होतं?"

सोळाव्या वर्षी तिला सांगितलं, लग्न झालं की होईल सुरळीत. तिशीत सांगितलं, वजन उतरवा. वर्षानुवर्षं पाळी चुकली की गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे ती जाणून होती. तपासणी मागायला गेली, तर डॉक्टर हसले. "फार वाचता तुम्ही, मॅडम!" पुढे अवेळी रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा पुन्हा हसं नको म्हणून असेल... "प्रबंध देते, मग बघू," म्हणत तिनं चार महिने ढकलले. मला हे ठाऊक होतं. मी हात धरून नेलं नाही. निदान झालं तेव्हा कॅन्सर पसरला होता. प्रबंध अर्धाच राहिला.

कॉलेजातल्या आमच्या खोलीच्या दारावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'तीन महिने पाळी नाही? लाजू नका. मला भेटा.' परवा ती काढायला कोपऱ्याला नख लावलं, तोच मागून आवाज आला.

"शमीम मॅडम हायत का?"

बारावीची मुलगी, ओढणीचं टोक पिळत उभी. मी कोपरा परत दाबून बसवला.

"आत ये. किती महिने झाले?"