प्रशांतच्या लॅपटॉपचं उत्तर

इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचायचो. काम कॉम्प्युटर-नेटवर्कचं, त्यामुळे डोकं असं की काहीही बिघडलं तरी कारण असतंच. सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं. हे लिहितोय ते कारण शोधून शोधून थकलो म्हणून.

मी अलिबागचा. श्रीवर्धनच्या पुढे किनाऱ्यालगत एका मच्छीमार सोसायटीचं ऑफिस आहे — खाली बर्फाचा कारखाना, वर ऑफिस. तिथले पीसी वर्कग्रुपमध्ये होते, म्हणजे ज्याचं मशीन त्याचा कारभार. ते सगळे डोमेनवर, एका सर्व्हरखाली घ्यायचं काम माझ्याकडे आलं. कुठलंही मशीन डोमेनमध्ये घ्यायचं तर त्याच्यासमोर बसून माझा अ‍ॅडमिन पासवर्ड टाकावा लागतो. तो मी त्याच सकाळी ठेवला होता. कुणालाच माहीत नव्हता.

हिशेब बघायला वैशालीताई. त्यांचा नवरा प्रशांत याच ऑफिसात होता. गेल्या सीझनला भावाच्या बोटीवर गेला, ऑफिसचा लॅपटॉप बरोबर. बोट उलटली. बाकीचे पोहत आले... प्रशांत नाही. काहीच सापडलं नाही. मृत्यूच्या दाखल्याच्या कागदांवर सही करायला ताई तयार नव्हत्या. सासूनं समजावून समजावून आत्ता कुठे तयार झाल्या होत्या. हे मला सेक्रेटरी दामूकाकांनी चहा घेताना सांगितलं.

दुपारी शेवटचं मशीन डोमेनमध्ये घेतलं आणि सर्व्हरवरची मशीनची यादी उघडली. एक नाव जास्त होतं... प्रशांत-लॅप.

वर्कग्रुपच्या यादीत बंद पडलेल्या मशीनची नावं रेंगाळतात, ते ठाऊक आहे. पण ही यादी नवी होती, सकाळी रिकामी होती, आणि माझ्या पासवर्डशिवाय तीत काही येऊच शकत नव्हतं. मी पिंग केलं — म्हणजे त्या मशीनला 'आहेस का?' असं विचारलं. उत्तर आलं. वाय-फाय बंद केलं. तरी उत्तर. सर्व्हरची केबल सोडून बाकी सगळ्या उपटल्या, म्हणजे दुसरं कुठलंच मशीन जोडलेलं नव्हतं. तरी उत्तर.

वैशालीताई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही.

"दादा, हे त्याचं नाव हाय ना?"

"जुनं काहीतरी राहिलं असेल, ताई."

"मग उत्तर कोण देतंय?"

मी पुन्हा पिंग केलं.

"विचारा ना त्याला, कुठं हाय."

"ताई, यात बोलता येत नाही. आहे की नाही, एवढंच कळतं."

"मग हाय ना!"

दामूकाका म्हणाले, "वैशाली, बस गो खाली." त्या बसल्या नाहीत. स्क्रीनवर हात टेकवून उभ्या राहिल्या... आणि उत्तरं थांबली. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' — तीच ओळ, पुन्हा पुन्हा. यादी परत उघडली तर नाव गायब. सर्व्हर आपोआप सगळं टिपून ठेवतो त्या लॉगमध्येही नोंद नाही.

"परत विचारा," त्या म्हणत राहिल्या. अंधारून येईपर्यंत मी विचारत राहिलो.

त्यांनी सही केली नाही. आता करणारही नाहीत. त्यांना न्यायला आलेल्या सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, "पोर सावरत होती रे..."

नंतर अनेकांना विचारलं, माझ्याहून हुशार लोकांना. तेही वाय-फाय आणि केबलचंच विचारतात. ताईंचा मात्र अधूनमधून फोन येतो. "दादा, आज कुठल्या ऑफिसात काम? तिथल्या यादीत बघाल जरा?"

मी खरंच बघतो. "नाही, ताई," म्हणतो. त्या फोन ठेवत नाहीत... आणि मलाही ठेवता येत नाही.